तुमचे दादा पेटीत बसेनात

चिरंजीव भाऊजींना,

तुमच्या वहिनीचा आशीर्वाद, खर्चून खर्चून जेवढा उरला आहे तेवढा सगळा. तब्येत कशी आहे? जाऊबाईंचा खोकला गेला की अजून मुक्कामालाच आहे? (त्यांना सांगा, खोकल्याची फार विचारपूस करू नये, केली की तो पाहुण्यासारखा राहतो.) तुमचे दात आता सगळे गेले असं कळलं, तरी माझ्या तोंडी तुम्ही चिरंजीवच राहणार, कारण मी या घरात आले तेव्हा तुम्ही दुधाच्या दातांचे होतात आणि दात नसण्याची तुमची ही दुसरी खेप मी बघते आहे. पत्र मी सांगते आणि सूनबाई लिहिते आहे. तिचं अक्षर सुंदर आहे असं सगळे म्हणतात. मला काय, मला मुंग्यांची रांग दिसते, पण शिस्तीची रांग आहे एवढं कळतं. पत्रात तिच्याविषयी काही वावगं आलं तर ते तिनेच लिहिलेलं आहे, म्हणजे तिला मान्य आहे असं समजावं. इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे जे जिवंत आहेत ते खुशाल आहेत. जे नाहीत त्यांनी अलीकडे जरा ये-जा सुरू केली आहे, म्हणून हे पत्र.

तुमच्या पुतण्याला तुम्ही ओळखताच. दिवसभर इस्पितळात एक्स-रे काढतो आणि 'श्वास घ्या, रोखा, सोडा' एवढं म्हणतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याच्याकडे शब्द शिल्लक नसतात. (तुमचे दादाही जन्मभर गिऱ्हाइकांची मापं घेताना 'श्वास सोडा' म्हणतच शिवत राहिले. एकूण आपल्या घराण्याने लोकांच्या श्वासावरच पोट भरलं.) तर या मुलाला पन्नाशी ओलांडल्यावर घरच्या घरी स्पीकर बनवायचा नाद लागला. लोकांना त्या वयात गुडघेदुखी लागते, ती परवडली; ती निदान बैठकीच्या खोलीत लाकडाचा भुसा करत नाही. नादाचं मूळ तुम्ही आहात. आठवतं का, तुम्ही नवा टेपरेकॉर्डर आणला होता आणि दादा दुकानात तुमच्या कोटाचं माप घेत असताना तो कापडाच्या गठ्ठ्याखाली चालू ठेवला होता? दादांना कळू नये म्हणून तुम्ही स्वतः तोंड शिवून बसला होतात. ती कॅसेट सापडली. तिच्यात तुम्ही नाही, गिऱ्हाईक नाही, गाणं नाही. फक्त तुमचे दादा: 'सरळ उभा राहा. हात वर कर. हलू नकोस. श्वास सोड. सोड म्हटलं ना.' मग माप. मग पुन्हा, 'हलू नकोस.' त्यांचा आवाज म्हणून या जगात एवढंच उरलं आहे. फोटो ढीगभर आहेत, पण फोटोतला माणूस तोंड मिटून असतो, आणि तुमचे दादा तोंड मिटून कधी होते?

मुलगा म्हणाला, बाजारच्या स्पीकरमधून बाबा बातम्या सांगणाऱ्यासारखे वाटतात, मला ते खोलीत हवेत. मी म्हटलं, होते तेव्हा तू खोलीत नसायचास. ते त्याला लागलं. (लागावं म्हणूनच म्हटलं होतं, पण इतकं लागायला नको होतं.) मग त्याने ठरवलं की पेटी तो करणार आणि आवाज बरोबर आहे की नाही ते मी सांगणार. 'आई, तू त्यांचं बोलणं सगळ्यात जास्त ऐकलंस, तू हो म्हणालीस की मी मागच्या फळ्या कायमच्या चिकटवणार. तोवर नाही.' बघा, लिहितावाचता न येणाऱ्या बाईला परीक्षक केलं, आणि परीक्षा नवऱ्याची.

आधी त्याने मला शास्त्र समजावलं. स्पीकर म्हणजे मागे लोहचुंबक लावलेलं कागदाचं नरसाळं. ते पुढेमागे थरथरतं. त्यामुळे आवाज पुढूनही निघतो आणि मागूनही, आणि ते दोन आवाज एकमेकांना भेटले की एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून पेटी: मागचं बोलणं कोंडून ठेवायला. मी म्हटलं, अरे, हे माणसांनाही लागू आहे, तुझ्या मावशीला अशी एक पेटी करून दे. तर पहिली पेटी त्याने माझ्या जुन्या कपाटाच्या दारांची केली. फळी पातळ. ती दादांच्या प्रत्येक शब्दाबरोबर स्वतःही बोलू लागली, मागून एक घुमारा, जणू कुणाला तरी कपाटात कोंडलं आहे आणि तो माणूस न ओरडता, न चिडता, आतून शांतपणे सूचना देतो आहे. सूनबाई उठली, शेजारच्या खोलीत गेली आणि तिथलं कपाट उघडून बघून आली. (नाही म्हणते आहे. पण लिहिते आहे.)

दुसरी खेप नळाची. सांडपाण्याचा जाड प्लास्टिकचा नळ, पुरुषभर उंच, त्याच्या तोंडाशी एक लहानसा स्पीकर. गोल नळाला कोपरे नसतात, म्हणून आवाज कुठे अडखळत नाही म्हणे. अडखळला नाहीच. थेट विहिरीच्या तळाशी गेला आणि तिथून वर आला. भर दुपारी, विहिरीच्या तळातून कुणी तुम्हाला 'हलू नकोस' म्हणालं तर तुम्ही काय कराल? आम्हीही तेच केलं. कुणीच हललं नाही. शेवटी मीच म्हटलं, आधी त्यांना वर काढा, मग बोलू.

मग त्याने असं शोधून काढलं की समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या की आवाज त्यांच्यामध्ये चेंडूसारखा आपटत राहतो, तेव्हा पेटीच्या बाजू तिरप्या हव्यात आणि फळी जाड हवी. त्याने आकृती काढून सुताराकडे दिली: माणसाएवढी उंच, खांद्याशी रुंद, पायाकडे निमुळती, आतून आडव्या पट्ट्या मारलेली, वरून काळं कापड. दोन नग. सुतार भला माणूस. त्याने काही चौकशी केली नाही, आवाज खाली आणून फक्त विचारलं, 'घाई आहे का?' तुमचा पुतण्या म्हणाला, 'हो, आई वाट बघते आहे.'

पेट्या आल्या त्या चार जणांच्या खांद्यावरून, आडव्या, आणि सुताराने माणसांना जिन्यात बोलू नका म्हणून सांगितलेलं. सबंध इमारत दाराशी आली. वरच्या मजल्यावर पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात, त्या तर डोळे पुसतच खाली उतरल्या. दार मी उघडलं.

'अगंबाई, तुम्ही आहात?'

'आहे अजून. आत या.'

'मग या दोन कुणासाठी हो?'

'एकाच माणसासाठी. दोन्हींतून तेच बोलणार आहेत.'

बाई जिन्यातच बसल्या. त्यांना पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या की शेजाऱ्यांनी दुःखात माणसाला एकटं सोडू नये, आणि तेव्हापासून त्या रोज येतात.

पेटीत नुसती हवा चालत नाही, मऊ काहीतरी भरावं लागतं, मग मागचा आवाज त्यात मुरतो. आणलेला कापूस कमी पडला तेव्हा मुलाने, इकडेतिकडे बघत, दादांची उशी मागितली. मी दिली. पडूनच होती. उसवली तेव्हा खोलीभर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास आला, इतक्या वर्षांनी, आणि मुलगा हातात कापूस घेऊन बराच वेळ उभा राहिला. ती उशी अर्धी या पेटीत गेली, अर्धी त्या पेटीत. आणि खरंच सांगते, घुमारा गेला. पहिल्यांदाच ते ओरडल्यासारखे नाही, बोलल्यासारखे बोलले.

पण नरसाळं कोणतं लावायचं, हा घोळ पुढे होताच. मोठं लावलं, ज्याला वूफर म्हणतात, तर दादा रजई पांघरून बोलल्यासारखे. लहान लावलं, ट्वीटर, तर दादांचा डास झाला. दोन्ही लावली तर त्याहून भयंकर. त्यांच्या बोलण्यातला सगळा 'स' लहान नरसाळ्यातून आला आणि उरलेलं बोलणं मोठ्यातून. 'सरळ', 'सोड', अशा प्रत्येक शब्दाची सुरुवात डोक्याशी आणि शेवट पोटात. माणूस मधून कापलेला, आणि दोन्ही तुकडे शिस्तीत माप घेताहेत! सूनबाईने त्या दिवशी स्वयंपाकच केला नाही, एवढं लिहिलं तरी पुरे. मग मुलाने तारांची वेटोळी बदलून बदलून असं काहीतरी केलं की जाड आवाज कुठे संपतो आणि बारीक कुठे सुरू होतो ते कळेनासं झालं. दादा सांधले गेले. शिलाई दिसू नये असा सांधा, त्यांनाही आवडला असता.

मोठ्या नरसाळ्याने आणखी एक केलं. 'श्वास सोड' झाल्यावर खोलीत कुणीतरी खरोखरच श्वास सोडला. लांब, गरम, नाकातून. आम्ही चौघं एकमेकांकडे बघायला लागलो. चौघांचाही श्वास कोंडलेला होता. वरच्या बाई उठून दाराकडे निघाल्या. पुन्हा लावलं, पुन्हा तोच श्वास, त्याच जागी. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: ते तुम्ही, भाऊजी! लहान स्पीकरला तो श्वास पेलतच नव्हता, मोठ्याने बाहेर काढला. मेलेल्या माणसाचा आवाज आणि जिवंत माणसाचा श्वास, आणि भ्यायलो आम्ही श्वासाला. (तुम्ही तेव्हा फार जेवायचात, श्वासावरूनही कळतं.)

आता खरी गोष्ट ऐका. पेट्या पहिल्यांदा जमिनीवर आडव्या ठेवल्या होत्या. दादा बोलायला लागले आणि मला बसवेना. आवाज बरोबर होता, जागा चुकत होती. ते जमिनीलगत, निजून बोलत होते. शेवटचे ते महिने आठवा, अंथरुणातून सगळ्यांना सूचना देत असायचे, तसे. मी मुलाला म्हटलं, त्यांना उठव. तो म्हणाला, काय? मी म्हटलं, पेट्या उभ्या कर रे. त्याने पेट्या उभ्या केल्या, किंचित आत वळवल्या, आणि पुन्हा लावलं. भाऊजी, ते उठले. मी डोळ्यांनी काही पाहिलं नाही, पण बोलणारं तोंड जिथे असायला हवं तिथे आलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आवाज डाव्या पेटीतून येईना आणि उजवीतूनही येईना. दोन्हींच्या मधून येऊ लागला. तिथे काहीच नाही. फरशी आहे आणि मागे भिंत. मुलगा आनंदाने म्हणाला, असंच व्हायला पाहिजे, दोन्ही पेट्या अगदी जुळल्या की आवाज मधोमध उभा राहतो. मी म्हटलं, आवाज नाही, माणूस म्हण.

तेव्हापासून त्या मधल्या जागेत कुणी पाय ठेवत नाही. ठरवलेलं नाही, पण सूनबाई केर काढताना वळसा घेते. गच्चीवरची एक मांजर आत येते, ती नेमकी त्या जागेसमोर बसते आणि जिथे कुणी नाही तिथे, माणसाच्या चेहऱ्याएवढ्या उंचीवर, मान वर करून बघते. तेव्हा कॅसेट चालू असते असंही नाही. परवा विजेचं मीटर बघायला माणूस आला होता. दार उघडंच होतं. आतून दादा म्हणाले, 'सरळ उभा राहा. हात वर कर.' मी बाहेर येऊन बघते तर बिचारा भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात वर करून उभा. मी म्हटलं, अहो, ते तुम्हाला नाही, माझ्या दिरांना म्हणताहेत. तो हात वर ठेवूनच म्हणाला, 'ते कुठे आहेत?' मी म्हटलं, ते दुसऱ्या गावी आहेत. 'आणि म्हणताहेत ते?' मी जरा विचार करून सांगितलं की त्यांचं नक्की नाही. या महिन्याचं मीटर अंदाजाने लिहून गेला.

मी तर बोलायलाही लागले होते. दादा एक माप सांगून थांबतात ना, फीत खांद्यावरून कमरेला सरकवायला, त्या थांब्यात मी घरातलं सांगून घ्यायची. नळ गळतो आहे. मुलगा वाळला. ते ऐकून घेतात आणि मग म्हणतात, 'हलू नकोस.' तसे जिवंतपणीही फार वेगळं उत्तर देत नसत. सूनबाईने एकदा ऐकलं आणि मुलाला सांगितलं, आणि मुलगा घाबरून पेट्या मोडायला निघाला. मग मीच समजूत घातली की बाई आपल्या नवऱ्याशी बोलली तर त्यात भिण्यासारखं काय, तुझी बायको बोलत नाही का तुझ्याशी? (बोलते. हे तिनेच जोरात लिहिलं आहे.)

तर सांगायचं ते असं की सगळं चांगलं झालं. मुलाने परवा मला समोर बसवून शेवटचं विचारलं, 'आई, हेच ना? असेच बोलायचे ना बाबा?' मी म्हटलं, हेच. अगदी हेच. त्याने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं, जे त्याने वडील गेले तेव्हाही केलं नव्हतं. येत्या रविवारी तो मागच्या फळ्या कायमच्या चिकटवणार. त्यानंतर पेट्या फोडल्याशिवाय आत काही बदलता येणार नाही. जाऊबाईंना आशीर्वाद, मुलांना पापे, मोठ्या झालेल्या मुलांना लांबूनच.

तुमची वहिनी
(शेजारी जो निळा डाग आहे तो मी आहे. अंगठा पुसट उठला, पण माणूसही आता तसाच आहे.)

ता.क. इथून अक्षर निराळं दिसेल. सूनबाई पाकीट टेबलावर ठेवून कामाला गेली, आणि मी वरच्या बाईंना खाली बोलावलं. (इतकी वर्षं पोस्टात काढून दुसऱ्यांची पत्रं न वाचायची सवय झाली आहे, असं त्या म्हणतात. लिहिताना मात्र कान टवकारले आहेत.) वर जे 'हेच' लिहिलं आहे ते खरं नाही. खोटं आहे असंही नाही. मला कळत नाही, हे खरं आहे. कपाटातले दादा खोटे, नळातले खोटे, हे मला लगेच कळायचं, कारण माझ्या आत त्यांचा आवाज होता आणि मी त्याच्याशी ताडून बघायची. पण दर पेटीला ताडता ताडता आतला झिजत गेला आणि पेटीतला बसत गेला. आता डोळे मिटले तरी ते दोन पेट्यांच्या मधून बोलतात. आणि पेटीतले दादा दुकानातले आहेत, भाऊजी. गिऱ्हाइकांचे आहेत. घरात शिरताना मला ते 'अगं, ऐकलंस का' म्हणायचे, तो आवाज वेगळा होता, जरासा खाली, जरासा नाकात. कॅसेटवर तो नाही. शब्द मला आठवतात, आवाज येत नाही. रविवारी फळ्या चिकटल्या की दुकानातले कायमचे राहतील आणि घरातले कायमचे जातील, आणि 'हेच' म्हणून मीच त्यांना घालवलेलं असेल.

आणखी ता.क. दादा गेल्यावर तुम्ही फोनवर एकदा 'हॅलो' म्हणालात आणि मी फोन हातातून टाकला. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी फोनवर बोलला नाहीत. जाऊबाई बोलतात, तुम्ही मागे खाकरता. तुमचा आणि दादांचा आवाज एकच, सासूबाई तुम्हा दोघांना अंधारात ओळखू शकत नसत, म्हणून तुम्ही माझ्यापुरते गप्प झालात. मला हे कळत होतं आणि बरंही वाटत होतं. आता पुरे. रविवारच्या आत या. पुतण्याला सांगा, गुडघ्याचा फोटो काढून घ्यायला आलो. बेल वाजवू नका. दाराबाहेर उभं राहून, थोडं खाली, थोडं नाकात, 'अगं, ऐकलंस का' एवढंच म्हणा. एकदाच. (वहिनीला अशी हाक मारणं शोभत नाही, हे मलाही कळतं. जाऊबाईंना विचारून या. वरच्या बाई म्हणतात, हे लिहू नये. मी म्हटलं, तुम्ही वाचत नाही ना, मग लिहा.) त्या एका हाकेवर मला कळेल की पेटीत कापूस घालायचा की काढायचा, आणि मी मुलाला खरं सांगू शकेन.

मला दारापर्यंत यायला वेळ लागेल. तेवढ्या वेळात दुसरं काही बोलू नका, पायही वाजवू नका. आणि दार उघडल्यावर मी तुमच्याकडे न बघता तुमच्या खांद्यावरून मागे जिन्यात कुणाला शोधायला लागले, तर रागावू नका. मागे कुणी नसलंच, तर चहा तुम्हालाच मिळेल.